नावाडणीचा रंग

त्याने ओला टिश्यू तिच्या उजव्या गालावरून फिरवला, उजेडात धरून पाहिला, मग जरा जोर लावून पुन्हा एकदा फिरवला आणि कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "निघत नाहीये."

"नाहीच निघणार," ती शांतपणे म्हणाली. "बाबांकडून आलाय. सत्तावीस वर्षं झाली... चांगला पक्का आहे."

तालमीच्या हॉलबाहेर मुलींची ही मोठी रांग लागली होती. एका गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघत होता. कादंबरीची नायिका म्हणजे खाडीपलीकडच्या वस्तीतली, लोकांची ने-आण करणारी एक काळीभोर नावाडीण. जाहिरातीत तसं स्पष्टच छापलं होतं, की मुलगी काळ्या वर्णाचीच हवी. आता जन्मभर गोरं व्हायची क्रीमं फासलेल्या मुलींनी एका दिवसात काळं कसं व्हायचं? तर त्याचीही क्रीमं मिळतात म्हणे. सकाळपासून एकेकजण चेहऱ्यावर दोन-दोन थर चढवून येत होती. शेवटी दारावर पाटी लागली, 'चेहऱ्याला काहीही लावून येऊ नये.' आणि पाटी वाचून न वाचल्यासारखं करणाऱ्यांसाठी हा गृहस्थ टिश्यूचं पाकीट घेऊन रांगेत फिरत होता.

चित्रपटासाठी माणसं शोधणं हे त्याचं काम. हातात कायम यादी, कानामागे पेन्सिल, त्यामुळे सगळे त्याला यादीवालाच म्हणत.

"तुमचा नंबर कितवा?" त्याने विचारलं.

"मला नंबर नाही. पेटी आहे." तिने बाकाखालून आपली मेकअपची पेटी ओढून समोर ठेवली. "तुमच्या दिग्दर्शक साहेबांनी बोलावलंय. तुमच्या चित्रपटाचा मेकअप मी करणार आहे."

यादीवाल्याचा चेहरा असा उतरला, की त्यावर तिच्या पेटीतला कुठलाच रंग चालला नसता.

"माफ करा... म्हणजे, सकाळपासून एकोणीस मुली रंगून आल्यात. मला वाटलं, तुम्ही विसाव्या. मी तसा नाहीये हो."

"तसा म्हणजे?"

"म्हणजे... अनोळखी बायकांचे गाल पुसत फिरणारा."

तिला हसू आवरेना. तिने त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "द्या इकडे. कढई घासल्यासारखा काय पुसता? गाल असा पुसतात..." आणि तिने पुढच्या मुलीची हनुवटी दोन बोटांनी उचलून हलकेच, खालून वर टिश्यू फिरवला. टिश्यू तपकिरी झाला, मुलगी लाजली. यादीवाला मात्र टिश्यूकडे बघतच नव्हता.

त्या दिवसापासून नाव वाचायचं त्याने आणि गाल पुसायचा तिने, असं ठरूनच गेलं. खरं तर चित्रीकरण सुरू होईपर्यंत तिचं तिथे काहीच काम नव्हतं. "पुढे याच चेहऱ्यावर काम करायचंय, आधीच बघून ठेवते," असं ती साहेबांना सांगायची. साहेबांना ते पटलं. आईला सांगायला गेली, तेव्हा आईला ते अजिबात पटलं नाही.

हॉलला पत्र्याचं छत होतं. पाऊस आला की असा ताशा वाजायचा, की कुणाचे संवाद ध्वनिमुद्रित करणं शक्यच नसायचं. काम थांबे. मुली व्हरांड्यात वेण्या घालत बसत, साहेब फोनवर बोलत बसत, आणि हे दोघं खिडकीच्या कट्ट्यावर चहाचे कागदी कप घेऊन बसत. आठवड्याभरात अशी वेळ आली, की सकाळी उन्हं दिसली की दोघांचीही तोंडं पडायची.

"तुम्ही ही कादंबरी वाचलीय ना?" एकदा त्याने विचारलं.

"अर्धी." तिने कपाच्या कडेला नख लावलं. "सातवीत त्यातला एक धडा होता आम्हाला. बाईंनी पहिलंच वाक्य वाचलं, 'ती नावाडीण रात्रीसारखी काळी होती', आणि आख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. पुढे दहावीपर्यंत माझं नाव कुणी घेतलंच नाही. नावाडीण, ए नावाडीण... बाबा खरंच खाडीपलीकडचे, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती."

"आणि तरी हा चित्रपट घेतलात?"

"म्हणून तर घेतला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली ब्रश धुतलेत मी. पडद्यावर पहिल्यांदा एकटं माझं नाव येणार आहे. ते नावाडणीच्या चित्रपटावर आलं तर... बरं वाटेल मला. त्या वर्गातली सगळी तिकीट काढून बघतील."

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून एक जुनी, पानं सुटलेली प्रत काढून तिच्या मांडीवर ठेवली. समासात जागोजागी पेन्सिलच्या खुणा होत्या. "उरलेली अर्धी वाचा. त्या बाईंनी तुम्हाला चुकीच्या ठिकाणी सोडलं."

तिने ती तीन दिवसांत संपवली. नावाडीण पुढे इतकी हजरजबाबी, इतकी हट्टी आणि इतकी आनंदी निघाली, की तिला सातवीतल्या बाईंचा नव्याने राग आला.

मग दोनशे चौदा नंबरची मुलगी आली. ती सरकारी तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. घर खाडीपलीकडे, केस अजून ओले, गळ्यात शिट्टी. हिने तिचा गाल पुसला, टिश्यू पांढरा शुभ्र. मुलगी आत गेली आणि तिने नावेत बसलेल्या सावकाराला भर खाडीत सुनावण्याचा प्रसंग केला. पावसाची सर येऊन गेली, तरी कुणी थांबा म्हणालं नाही. यादीवाल्याची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण तो लिहीत काहीच नव्हता.

"बघितलंस?" ती मुलगी गेल्यावर तो पुटपुटला. "तू बघितलंस का?"

तो 'तू' म्हणाला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मात्र चांगलंच आलं.

"बघितलं," ती म्हणाली. "आणि तू लिहायचं विसरलास, तेही बघितलं."

दोघं एकमेकांकडे बघून हसली. नावाडीण सापडली होती. शिवाय आणखीही काही सापडल्यासारखं वाटत होतं, पण त्याची नोंद यादीत कुठे करणार.

आणि पुढच्याच सोमवारी सगळं मुसळ केरात गेलं. नावाडणीची भूमिका मॅडम करणार असं ठरलं. मॅडम म्हणजे जिच्या साबणाच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्यात ती, दुधात न्हायल्यासारखी गोरी. चित्रपटाला पैसा लावणाऱ्यांना ओळखीचा चेहरा हवा होता. कादंबरीचे लेखक हयात नव्हते, तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता. आणि खाडीपलीकडच्या लोकांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मेकअपताई, गुरुवारी मॅडमवर रंग लावून बघायचाय," साहेब म्हणाले. "तोपर्यंत तयार करा. एकदम खरा हवा हं, लोकांनी बोट ठेवायला नको."

खऱ्या रंगाचा नमुना हवा असेल तर तो सगळ्या युनिटमध्ये एकाच माणसाकडे होता. मंगळवारी दुपारी ती मेकअपच्या खोलीत खिडकीपाशी बसली, डावी बाही कोपरापर्यंत सारली आणि बशीत रंग कालवायला लागली. स्वतःचा रंग स्वतःला नीट दिसत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दुसऱ्याचे डोळे लागतात. यादीवाला दारात घुटमळत होता.

"उभा काय? तो दिवा धर आणि नीट बघून सांग. या बशीत काय कमी आहे?"

त्याने दिवा तिच्या गालाजवळ धरला. बाहेर बारीक पाऊस लागला होता, खोलीत स्पिरिटचा आणि पावडरीचा वास होता. तो बघत राहिला...

"सांग ना."

"थोडा... तांबूसपणा. गालाच्या वरच्या बाजूला आहे तो. आणि कानापाशी आणखी गडद. डोळ्यांखाली जरासा निळा..."

"ती झोप कमी झालीय."

"कशामुळे?"

"कादंबरीमुळे. दुसरं काय असणार?" ती म्हणाली खरी, पण वर बघायचं तिने टाळलं.

आजवर तिच्या रंगाकडे लोक एकदाच बघत आणि चटकन नजर वळवत, नाहीतर सल्ला देत. आईचं तर ब्युटी पार्लरच होतं. गिऱ्हाइकं खुर्चीत बसून म्हणायची, "दिव्याखाली अंधार हो तुमच्या." आई मूग गिळून ब्लीच कालवत राहायची. आणि इथे एक माणूस तासभर दिवा धरून बसला होता, नजर हटवत नव्हता. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्या खिडकीपाशी, हातावर तीन रंगांचे पट्टे असताना अगदी स्वच्छ कळलं.

सहाव्या खेपेला तिने मनगटावर पट्टा ओढला आणि तो दिसेनासा झाला. कातडी कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो, ते सांगता येईना. तिने तो बाटलीत भरला, झाकण लावलं.

"मिळाला," तो म्हणाला. "हुबेहूब तूच."

तिने बाटली उजेडात धरली. तीच होती ती, चार बोटं उंचीची. परवा ती दुसऱ्या कुणाच्या तरी गालावर जाऊन बसणार होती आणि संध्याकाळी साबणाने धुतली जाणार होती.

"त्या मुलीला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"कुठल्या?"

"दोनशे चौदा."

दिवा खाली आला. "अजून... काही नाही सांगितलं."

"म्हणजे ती अजून वाट बघतेय?"

"तिचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत." त्याने टेबलावरची कापसाची बोंडं रांगेत लावायला घेतली. "मी साहेबांशी बोललो होतो गं. एकदा. ते म्हणाले, अभिनय म्हणजे दुसरं माणूस होणंच ना? राजाची भूमिका करायला राजा आणतो का आपण? त्यावर मला उत्तर सुचलं नाही."

"मला सुचतंय. राजे रांगेत उभे होते का? आपण दाराला पाटी लावली, काही लावून येऊ नका. तीनशे चाळीस मुलींचे गाल मी या हाताने पुसले. जिचा रंग पुसला गेला, तिला घरी पाठवलं. जिचा नाही पुसला, तिलाही पाठवतोय. आणि जी रांगेत आलीच नाही, तिला रंग लावायला बाटली भरतोय. हा कुठला न्याय?"

"तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल. आणि वाईट करेल."

"ते मला माहीत आहे." तिने बाही खाली केली. "तू आधी जाऊन त्या मुलीला सांग. फोनवर नाही, तोंडावर. तिच्यात काय कमी पडलं ते सांग. मग मी माझं बघते."

तो गेला. बुधवारी आला नाही. गुरुवारी सकाळीही त्याची खुर्ची रिकामीच होती. कुणी म्हणालं, सुट्टी टाकली असेल. पळाला, असं तिने मनात म्हटलं आणि पेटी उघडली.

मॅडम वेळेवर आल्या, तिला जवळ बसवून घेतलं. स्वभावाने खरंच गोड बाई. "सोळाव्या वर्षी वाचली होती मी ही कादंबरी," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मनात होतं. लाव तू, घाबरू नकोस."

तिने त्यांच्या मनगटावर एक थेंब पसरला. मॅडमनी आपला हात तिच्या हाताला लावून पाहिला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं, काही फरकच नाही. जादू आहे तुझ्या हातात. मग गप्प का?"

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "मॅडम, शाळेत मला नावाडीण म्हणून चिडवायचे. तेव्हा मी आईच्या पार्लरमधल्या सगळ्या बाटल्या चोरून चेहऱ्याला लावल्या होत्या, रंग जावा म्हणून. आठवडाभर तोंड सोललं होतं. आज तोच रंग सगळ्यांना हवा आहे, पण बाटलीतला. मला... नाही जमणार."

"मी नको म्हटलं, तर माझ्यासारखीच दुसरी आणतील."

"हो."

"आणि तू गेलीस, तर मेकअपवालीही दुसरी."

"हो."

"मग उपयोग काय गं?"

"उपयोग काही नाही," ती म्हणाली. "फक्त माझ्या हातून नको."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मनगट पुढे केलं, तिने तो थेंब पुसून घेतला. साहेब मात्र रागावले, खूप रागावले, आणि त्यांचंही काही चुकलं नाही, कारण दिवस वाया गेला होता. तिने पेटी उचलली. आठ वर्षांनी मिळालेलं पहिलं काम हातचं गेलं होतं, आणि फाटकापर्यंत जाईस्तोवर तिला रडू आवरलं नाही.

(पुढे चित्रपट झाला. रंग दुसऱ्या कुणी लावला. पाण्यातल्या प्रसंगात तो मानेपाशी ओघळलेला दिसतो असं म्हणतात, पण आपल्याला त्याच्याशी काय करायचंय?)

शुक्रवारी दुपारी ती आईच्या पार्लरमध्ये टॉवेलांच्या घड्या घालत होती. आई एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला ब्लीच लावत होती. दार ढकलून पावसात भिजलेला एक माणूस आत आला आणि उंबऱ्यातच तीन वेळा शिंकला.

"सगळी क्रीमं आहेत आमच्याकडे, नको काही," आई वळूनही न बघता म्हणाली.

"मी क्रीमवाला नाही हो काकू. मी..." आणखी एक शिंक. "कालपर्यंत सिनेमासाठी माणसं निवडायचो."

हातातला टॉवेल तसाच राहिला. "काल कुठे होतास?" तिने विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण तो चढलाच.

"खाडीपलीकडे. बुधवारी गेलो. तलावावर शिकवणी चालू होती, तिथेच काठावर उभा राहून सांगितलं तिला. तिने विचारलं, माझ्यात काय कमी पडलं? मी म्हटलं, काहीच नाही. मग ती म्हणाली, मग असं सांगताना तुम्हाला काही वाटत नाही का? तिच्या वर्गातल्या पोरांना माझा राग आला असावा. त्यांनी मला पाण्यात ढकललं."

ब्लीचवाली बाई डोळे मिटल्या मिटल्या खुदकन हसली.

"वादळामुळे नाव बंद होती. रात्री तिच्या घरच्यांनीच ठेवून घेतलं, कोरडे कपडे दिले. इतकं करूनही ती माझ्याशी नीट बोलली नाही, आणि बरोबरच आहे. काल संध्याकाळी पोचलो तोवर तू निघून गेली होतीस. साहेबांना म्हटलं, यादीवरचं माझंही नाव खोडा. सोमवारीच म्हणायला हवं होतं. तेव्हा घाबरलो. चुकलं माझं."

तिने टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली. राग होता तो कुठे गेला तेच कळेना. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

"मंगळवारी दिवा धरून बघत होतास... ते नावाडणीला की मला?"

आईचा ब्रश हवेतच थांबला.

"पहिली पाच मिनिटं नावाडणीला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. त्यानंतर तांबूस काय आणि निळं काय, मला काही कळत नव्हतं. तू विचारत होतीस, मी तोंडाला येईल ते सांगत होतो. एवढंच वाटत होतं, की तुझा रंग जमूच नये... म्हणजे आणखी थोडं बसता येईल."

"आणि मी सहा वेळा कालवला. नालायका."

"हो."

"सगळ्यांना निवडतोस, म्हणून मलाही निवडलंस की काय?"

"नाही गं." त्याने नाक पुसलं. दिसत अगदीच बापुडवाणा होता. "निवडायचं तर समोर दुसरंही कुणी असावं लागतं. मला तुझ्याशिवाय कुणी दिसतच नाहीये. नोकरी नाही, पडसं झालंय, आणि तुझ्याशी लग्न करायचंय. आता तू सांग."

खुर्चीतल्या बाईंना राहवलं नाही. एक डोळा किलकिला करून त्यांनी यादीवाल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "मुलगा गोरा आहे हो. नशीब काढलं तुमच्या मुलीने."

आईने वाटी टेबलावर ठेवली. इतकी वर्षं ती अशा बोलण्यावर खाली मान घालून कालवत राहिली होती. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीची मान आपोआप खाली जायला लागली होती.

"नशीब त्याचं," आई म्हणाली. मग तोच ब्रश उचलून बाईंच्या दुसऱ्या गालाला लावायला गेली, आणि थांबली. "तुम्हालासुद्धा हे कशाला हवंय हो? चला, धुऊन टाकते."

लेक आईकडे बघतच राहिली. डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत. मग तिने हातातला टॉवेल उलगडून यादीवाल्याच्या ओल्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली.

"अगं, हळू," तो टॉवेलाखालून म्हणाला. "उत्तर नाही दिलंस."

"आधी शिंका थांबव," ती म्हणाली. "हो म्हणतेय मी. हलू नकोस."